बिंदुप्रभारांचे विद्युत बल व विद्युत क्षेत्र : बीड जिल्ह्यातील विजेच्या संदर्भात गणन आणि आकलन

सारांश :
कूलोमचा नियम आणि अध्यारोपणाचे तत्त्व यांच्या आधारे बिंदुप्रभारांचे विद्युत बल व क्षेत्र काढणे हा पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राचा प्राथमिक भाग आहे. प्रस्तुत लेखात हेच गणन वादळी ढगास लावून दाखविले आहे. ढगाखालील व ढगापासून दूरच्या जमिनीवरील क्षेत्र, ते शून्य होण्याचे अंतर आणि वीज जमिनीत शिरल्यावर माणसाच्या व जनावराच्या पायांमध्ये निर्माण होणारे विभवांतर यांचे आकडे काढून बीड जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांच्या सुरक्षिततेशी त्यांचा संबंध स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : बिंदुप्रभार, विद्युत क्षेत्र, अध्यारोपण, प्रतिमा प्रभार, पावलांमधील विभवांतर, वीज.

प्रस्तावना :
बीड जिल्हा उत्तरेस गोदावरीचे खोरे आणि मध्य व दक्षिण भागात बालाघाटचा डोंगराळ प्रदेश अशा दोन भूभागांत विभागलेला आहे. गेवराई, माजलगाव या तालुक्यांत काळी भारी जमीन, तर आष्टी, पाटोदा या भागांत बऱ्याच ठिकाणी हलकी, मुरमाड जमीन आढळते. जिल्ह्याचे जीवन प्रामुख्याने कोरडवाहू शेती आणि ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर यांवर उभे आहे. ऊसतोडणी संपवून मजूर कुटुंबे उन्हाळ्यात गावी परततात, नांगरणी व पेरणीपूर्व मशागतीची कामे सुरू होतात आणि याच काळात, एप्रिल ते जून या महिन्यांत, मराठवाड्यात विजांसह वादळी पाऊस होतो. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सोयाबीनची काढणी व कापसाची पहिली वेचणी चालू असते आणि विजांचा दुसरा काळही तोच असतो. म्हणजे आकाशात प्रभार साठण्याचा आणि माणसे व जनावरे उघड्या रानात असण्याचा काळ वर्षातून दोनदा एकत्र येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ व्यक्तींचा मृत्यू झाला. उघड्यावर काम करणाऱ्या शेतकरी व शेतमजुरांना हा धोका सर्वाधिक असतो.

बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांत विज्ञान शाखेत शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी याच कुटुंबांतून येतात. ते कूलोमचा नियम पाठ करतात, दोन-तीन प्रभारांची उदाहरणे सोडवितात आणि परीक्षेत गुणही मिळवितात. परंतु कागदावरील 'प्रभार' आणि बांधावरच्या लिंबावर कोसळणारी वीज यांचा संबंध अनेकदा जोडला जात नाही. हा संबंध जोडण्यासाठी वेगळ्या अभ्यासक्रमाची आवश्यकता नाही. आहे तेच गणित योग्य उदाहरणास लावणे पुरेसे आहे.

उद्दिष्टे :
१. बिंदुप्रभारांचे बल व क्षेत्र काढण्याची पद्धती टप्प्याटप्प्याने मांडणे.
२. वादळी ढगाच्या सोप्या प्रतिकृतीस ही पद्धती लावून जमिनीवरील क्षेत्र काढणे.
३. या आकड्यांमधून सुरक्षिततेचे कोणते निष्कर्ष निघतात आणि कोणते निघत नाहीत, हे स्पष्ट करणे.

१. कूलोमचा नियम आणि त्याचा आवाका :
फ्रेंच अभियंता शार्ल ऑगस्तँ द कूलोम याने १७८५ मध्ये पीळ तराजूच्या साहाय्याने दोन प्रभारांमधील बल मोजले. हे बल दोन्ही प्रभारांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात व त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे,

बल = स्थिरांक × पहिला प्रभार × दुसरा प्रभार ÷ अंतराचा वर्ग

प्रभार कूलोममध्ये, अंतर मीटरमध्ये व बल न्यूटनमध्ये घेतल्यास हवेत या स्थिरांकाचे मूल्य सुमारे ९०० कोटी येते. सजातीय प्रभार परस्परांना दूर लोटतात, विजातीय प्रभार परस्परांना ओढतात. दोहोंवरील बले समान व विरुद्ध दिशेची असतात. एक प्रभार कितीही मोठा व दुसरा कितीही लहान असला तरी यात बदल होत नाही.

प्रयोगशाळेतील उदाहरण घेऊ. प्रत्येकी एक मायक्रोकूलोमचे दोन प्रभार १० सेंटिमीटर अंतरावर ठेवल्यास त्यांच्यातील बल ०.९ न्यूटन, म्हणजे साधारण ९२ ग्रॅम वजनाइतके येते. कूलोम हे एकक व्यवहारात किती मोठे आहे, याची यावरून कल्पना येते. वादळी ढगात मात्र अनेक कूलोम प्रभार विलग झालेला असतो.

२. बलाकडून क्षेत्राकडे :
दोनच प्रभार असताना बलाचे सूत्र पुरेसे असते. परंतु ढगाखाली उभा असलेला माणूस, झाड, विहिरीवरचा लोखंडी रहाट या प्रत्येकावर काय परिणाम होईल, हे वेगवेगळे काढत बसणे गैरसोयीचे आहे. म्हणून एकक धन प्रभारावर त्या ठिकाणी जे बल लागेल त्यास त्या ठिकाणचे विद्युत क्षेत्र म्हणतात.

क्षेत्र = स्थिरांक × प्रभार ÷ अंतराचा वर्ग

क्षेत्राची दिशा धन प्रभारापासून दूर व ऋण प्रभाराकडे असते. एकक व्होल्ट प्रति मीटर. एकदा क्षेत्र कळले की त्या ठिकाणी ठेवलेल्या कोणत्याही प्रभारावरील बल केवळ गुणाकाराने मिळते. अनेक प्रभार असतील तर प्रत्येकाचे क्षेत्र स्वतंत्रपणे काढून त्यांची सदिश बेरीज करावयाची, यालाच अध्यारोपणाचे तत्त्व म्हणतात. सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. विद्यार्थी प्रभाराचे चिन्ह सूत्रात घालतात आणि दिशाही वेगळी धरतात, त्यामुळे चिन्ह दोनदा मोजले जाते. प्रथम केवळ परिमाण काढावे, दिशा आकृतीवरून ठरवावी आणि नंतरच बेरीज करावी, ही शिस्त लावल्यास ही चूक टळते.

३. वादळी ढगाची प्रतिकृती :
वादळी ढगात बर्फाचे हलके स्फटिक व जड गारकण परस्परांवर आदळून प्रभार विलग होतो. हलके स्फटिक बहुतांशी धन प्रभार घेऊन वर जातात व जड कण ऋण प्रभारासह मध्यभागी राहतात. तळाशी अनेकदा धन प्रभाराचा एक लहान साठाही आढळतो. या अभ्यासाचा भारताशी जुना संबंध आहे. जॉर्ज सिम्प्सन यांनी भारतीय हवामान खात्यात असताना सिमला येथे पावसाच्या थेंबांवरील प्रभार मोजले व ते कार्य १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९३७ मध्ये त्यांनी स्क्रेस यांच्यासह ढगांत फुगे सोडून प्रभारांची मांडणी शोधली. जमिनीवरील क्षेत्र मोजून ढगातील प्रभाराचा अंदाज घेण्याची पद्धत सी. टी. आर. विल्सन यांनी त्याआधीच वापरली होती. म्हणजे पुढे दिलेल्या गणनाचीच ती उलट प्रक्रिया होय.

प्रस्तुत लेखासाठी तळाचा लहान धन प्रभार वगळून दोन बिंदुप्रभारांची प्रतिकृती घेतली आहे : जमिनीपासून १० किलोमीटर उंचीवर +४० कूलोम आणि त्याच्या थेट खाली ५ किलोमीटर उंचीवर –४० कूलोम. हे आकडे उदाहरणादाखल असले तरी वास्तव ढगांच्या परिमाणाशी जुळणारे आहेत.

या दोन प्रभारांमधील अंतर ५,००० मीटर, अंतराचा वर्ग २.५ कोटी. म्हणून बल = ९०० कोटी × ४० × ४० ÷ २.५ कोटी = ५,७६,००० न्यूटन. हे सुमारे ५९ टन वजनाइतके, म्हणजे दहा-दहा टन ऊस भरलेल्या सहा वाहनांतील उसाच्या भाराइतके आकर्षण आहे. तरीही प्रभार लगेच एकत्र येत नाहीत, कारण ते दोन बिंदूंवर नसून कित्येक घनकिलोमीटरमधील असंख्य कणांवर विखुरलेले असतात आणि ढगातील ऊर्ध्वगामी वारे त्यांना विलग ठेवतात.

दोन्ही प्रभारांच्या मध्यबिंदूवर, ७.५ किलोमीटर उंचीवर, क्षेत्र किती असेल? प्रभार समान व विरुद्ध असल्याने अनेक विद्यार्थी 'शून्य' असे उत्तर देतात. प्रत्यक्षात वरच्या धन प्रभाराचे क्षेत्र खाली व खालच्या ऋण प्रभाराचे क्षेत्रही खालीच असते. प्रत्येकी ५७,६०० प्रमाणे एकूण १,१५,२०० व्होल्ट प्रति मीटर येते. (जमिनीचा परिणाम येथे जेमतेम एक टक्का असल्याने तो सोडला आहे.) समुद्रसपाटीवरील कोरडी हवा विद्युतवाहक होण्यास साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र लागते. उंचीवर हवा विरळ असल्याने ही मर्यादा कमी होते. तरीही ढगात प्रत्यक्ष मोजलेली क्षेत्रे काही लाखांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. वीज नेमकी सुरू कशी होते, हा त्यामुळेच आजही संशोधनाचा विषय आहे.

४. ढगाच्या थेट खाली जमिनीवरील क्षेत्र :
ऋण प्रभारामुळे : ९०० कोटी × ४० ÷ २.५ कोटी = १४,४०० व्होल्ट प्रति मीटर, दिशा वर.
धन प्रभारामुळे : ९०० कोटी × ४० ÷ १० कोटी = ३,६०० व्होल्ट प्रति मीटर, दिशा खाली.
निव्वळ क्षेत्र : १०,८०० व्होल्ट प्रति मीटर, दिशा वर.

परंतु हे उत्तर अपूर्ण आहे, कारण यात जमीन विचारात घेतलेली नाही. ओलसर जमीन विद्युतवाहक असल्याने ढगातील प्रभारांमुळे तिच्या पृष्ठभागावर प्रेरित प्रभार निर्माण होतो. त्याचा परिणाम काढण्यासाठी जमिनीखाली तितक्याच खोलीवर विरुद्ध चिन्हाचा 'प्रतिमा प्रभार' कल्पिला जातो. तळ्यातील प्रतिबिंबाप्रमाणे ५ किलोमीटर खोलीवर +४० व १० किलोमीटर खोलीवर –४० कूलोम धरल्यास जमिनीवरील क्षेत्र बरोबर दुप्पट, म्हणजे २१,६०० व्होल्ट प्रति मीटर होते. निरभ्र हवामानात जमिनीजवळ सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र खालच्या दिशेने असते. ढगाखाली ते दोनशे पटींहून अधिक होते व त्याची दिशाही उलटते.

५. अंतरानुसार क्षेत्र आणि एक फसवे शून्य :
ढगाच्या केंद्रापासून बाजूला गेल्यावर प्रभाराचे अंतर तिरपे होते. प्रभार व त्याची प्रतिमा यांचे आडवे घटक परस्परांना छेदतात आणि उभे घटक मिळून पुढील सूत्र येते :

क्षेत्र = २ × स्थिरांक × प्रभार × उंची ÷ तिरप्या अंतराचा घन

या सूत्राने काढलेली मूल्ये (व्होल्ट प्रति मीटर) पुढीलप्रमाणे आहेत :

केंद्राखाली : ऋण प्रभारामुळे २८,८०० वर, धन प्रभारामुळे ७,२०० खाली, निव्वळ २१,६०० वर.
५ किलोमीटरवर : १०,१८२ वर, ५,१५२ खाली, निव्वळ ५,०३० वर.
१० किलोमीटरवर : २,५७६ वर, २,५४६ खाली, निव्वळ ३० वर.
१५ किलोमीटरवर : ९११ वर; १,२२९ खाली; निव्वळ ३१८ खाली.
२० किलोमीटरवर : ४११ वर, ६४४ खाली, निव्वळ २३३ खाली.

जवळचा ऋण प्रभार प्रथम वरचढ असतो. दूर गेल्यावर मात्र अधिक उंचीवरील धन प्रभाराचा उभा घटक मोठा ठरतो. दोन्ही परिणाम समान धरून समीकरण सोडविल्यास क्षेत्र शून्य होण्याचे अंतर सुमारे १०.१ किलोमीटर येते.

या आकड्यांतील सर्वांत महत्त्वाची बाब १० किलोमीटरच्या ओळीत आहे. तेथे ढगामुळे येणारे क्षेत्र निरभ्र दिवसाच्या क्षेत्राहूनही कमी आहे. डोक्यावर ऊन असू शकते, ढग बालाघाटच्या कड्यापलीकडे दिसत असतो आणि कोणतीही जाणीव होत नाही. परंतु क्षेत्र शून्य असणे म्हणजे प्रभार नसणे नव्हे. दोन मोठे परिणाम त्या एका ठिकाणी योगायोगाने समतोल झालेले आहेत. विजेची वाट आधीपासून जमिनीवर असलेल्या क्षेत्रावरून ठरत नाही. ढगातून निघालेली प्रभाराची वाहिनी स्वतःबरोबर प्रचंड क्षेत्र घेऊन पुढे सरकते आणि ढगाच्या गाभ्यापासून दहा किलोमीटर व त्याहून दूरही पोहोचू शकते. त्यामुळे 'अजून आपल्या डोक्यावर ढग आलेला नाही' हा शिवारातील नेहमीचा हिशेब भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

वीज चमकणे व गडगडाट ऐकू येणे यांत ३० सेकंद वा त्याहून कमी काळ गेल्यास तत्काळ सुरक्षित जागी जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये, असा संकेत आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरल्यास ३० सेकंदांत तो सुमारे १०.३ किलोमीटर जातो. या संकेतातील अंतर कोठून येते, हे यावरून विद्यार्थ्यांस स्वतः काढून पाहता येते.

६. प्रतिकृतीच्या मर्यादा :
वरील गणनात ढगाखाली २१,६०० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र आले. प्रत्यक्ष मोजणीत मात्र ते सहसा १०,००० च्या आसपास वा त्याखाली राहते. झाडांचे शेंडे, गवताची पाती, तारा यांच्या टोकांपाशी क्षेत्र एकवटते, तेथून मंद विद्युत विसर्ग होतो आणि हवेत पसरलेला हा प्रभार खालच्या भागास काही अंशी झाकून टाकतो. सपाट जमिनीवरील अर्धगोलाकार वाहक उंचवट्याच्या माथ्यावरही क्षेत्र तिप्पट होते. उंच व टोकदार वस्तूवर ही वाढ कितीतरी अधिक असते. रानातील एकट्या झाडाचा धोका याच कारणाने वाढतो. शिवाय खरे प्रभार बिंदू नसून विस्तृत असतात, म्हणून ही प्रतिकृती ढगाच्या आत अचूक ठरत नाही. ती दूरवरच्या जमिनीसाठी उपयुक्त असते. प्रतिकृती कोठे लागू पडते आणि कोठे नाही, हे सांगणे हाही गणनाचाच भाग होय.

७. जमिनीत शिरलेली वीज : तोच व्यस्त वर्ग :
झाडाखाली थांबलेली बैलजोडी किंवा शेळ्यांचा कळप एकाच विजेने दगावल्याच्या घटना ग्रामीण भागात घडतात. वीज प्रत्येक जनावरावर स्वतंत्रपणे पडलेली नसते. झाडातून जमिनीत शिरलेला विद्युतप्रवाह सर्व दिशांना पसरतो व त्यामुळे जमिनीत जे क्षेत्र निर्माण होते, तेही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच असते. बिंदुप्रभाराचे सूत्र येथे केवळ स्थिरांक बदलून लागू पडते :

क्षेत्र = जमिनीची रोधकता × प्रवाह ÷ (६.२८ × अंतराचा वर्ग)

रोधकता १०० ओहम-मीटर व प्रवाह ३०,००० अँपिअर धरून, विजेच्या जागेपासून १० मीटरवर त्याच दिशेने पावले टाकून उभे असल्यास पावलांमधील विभवांतर असे येते : पाय जवळ घेतलेला माणूस (१० सेंटिमीटर) सुमारे ४७० व्होल्ट, अर्धा मीटर पाय फाकलेला माणूस सुमारे २,२७० व्होल्ट, पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटर अंतर असलेला बैल सुमारे ६,२३० व्होल्ट. बैलाच्या बाबतीत हा प्रवाह पुढच्या पायांकडून मागच्या पायांकडे जाताना छातीतून जातो, म्हणून जनावरे अधिक दगावतात. ओल्या काळ्या मातीची रोधकता कमी, तर मुरूम व खडकाची अधिक असते. त्यामुळे इतर बाबी समान असताना हलक्या जमिनीवर हे विभवांतर वाढते.

यातून निघणारे व्यावहारिक निष्कर्ष स्पष्ट आहेत. झाडाखाली थांबू नये. जनावरे झाडाला बांधू नयेत. पक्के घर किंवा बंद वाहन हाच खरा आसरा आहे. बाजूंनी उघडा असलेला आखाडा वा पत्र्याचे छप्पर पावसापासून वाचवेल, विजेपासून नव्हे. आसरा नसेल तेव्हा पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. हा उपाय धोका कमी करतो, नाहीसा करीत नाही.

८. समज, सूत्र आणि अध्यापन :
पायाळू व्यक्तीवर वीज पडते, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. अशा व्यक्तीस पावसाळ्यात घराबाहेर पाठविण्याची भीती बाळगणारी कुटुंबे आजही आहेत. या समजाची टिंगल करण्यापेक्षा विद्यार्थ्यांना वरील सूत्रे पुन्हा पाहावयास सांगावीत. त्यांत प्रभार, उंची, अंतर, रोधकता व प्रवाह या राशी आहेत. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, यासाठी कोणतीही राशी नाही. पायांमधील अंतर मात्र आहे. त्याचप्रमाणे वीज लागलेल्या व्यक्तीस हात लावल्यास धक्का बसतो, हा समजही घातक आहे. शरीरात असा प्रभार साठून राहत नाही. त्या व्यक्तीस तत्काळ स्पर्श करून छातीदाब व कृत्रिम श्वासोच्छ्वास देणे सुरक्षित असते आणि त्याने प्राण वाचू शकतात.

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने विजांची जागा शोधणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले असून तिच्या 'दामिनी' या मोबाइल अॅपद्वारे २० व ४० किलोमीटर परिघातील विजांची सूचना मिळते. आपल्या जागेवरील क्षेत्र शून्य असतानाही धोका असू शकतो, हे ज्याने गणनाने पाहिले आहे, तो निरभ्र आकाशाखाली आलेल्या अशा सूचनेकडे दुर्लक्ष करणार नाही.

समारोप :
बिंदुप्रभाराचे सूत्र साधे आहे. त्याचा अर्थ मात्र अध्यारोपण, दिशा, प्रतिमा आणि मर्यादा यांचा एकत्रित विचार केल्यावरच उलगडतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने गणन, भूगोलाच्या शिक्षकाने जमिनीचा प्रकार व वादळांचा काळ, समाजशास्त्राच्या शिक्षकाने प्रचलित समज आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी गावातील संवाद, अशी विभागणी केल्यास एका महाविद्यालयाच्या आवाक्यात हे कार्य येऊ शकते. वर्गात काढलेला १०.१ किलोमीटरचा आकडा विद्यार्थ्याने घरी जाऊन सांगितला आणि त्यामुळे सोयाबीनची काढणी अर्ध्या तासासाठी थांबली, तर त्या उदाहरणास मिळालेल्या गुणांपेक्षा त्याचे मोल निश्चितच अधिक राहील.